तोंड उघडं ठेवून नमस्कार

दातांची नर्स असलेल्या लम्दुअनताईचा हात लागला की रडणारं पोरही गप्प होतं, हे थायलंडमधल्या आमच्या अख्ख्या यसोथोनला माहीत आहे. तरी गेल्या वर्षी तिनं पहिलीच्या पोरांच्या दाढा किडू नयेत म्हणून लावलेला लेप सहा महिन्यांत निम्म्याजणांचा निघाला. वरच्या डॉक्टर प्रवितांनी सुनावलं, "यंदाही निघाला तर तुझं शाळेत जाणं बंद. कचेरीत बसून रजिस्टरं लिहायची." शाळा म्हणजे ताईचा जीव की प्राण. मी तिची मदतनीस. काळजीनं मीही आठवडाभर जेवले नाही, म्हणजे कमी जेवले.

यंदा डॉक्टर स्वतः येणार होते. वर्गातच दोन बाकं जोडून सात वर्षांच्या कुंगला झोपवलं. ताईनं दाढ घासली, बाजूला कापूस ठेवला, लेप घट्ट धरावा म्हणून निळं आम्ल टेकवलं, तीस आकडे मोजले, धुतलं, वाळवलं. दाढ खडूसारखी पांढरी झाली.

"बघ, आता थुंकीचा थेंब लागला तर सगळी मेहनत पाण्यात," ताई मला म्हणाली.

तेवढ्यात दारात डॉक्टर! वर्गाची मॉनिटर ओरडली, "उठा, नमस्कार!" सगळी पोरं ताडकन उभी राहिली. बाकावरची कुंगही उठली, कापूस थुंकला, हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, डॉक्टरसाहेब!"

ताई अशी हसत सुटली की मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"अगं, गेल्या वर्षी दर पाच मिनिटांनी कुणीतरी गुरुजी आत यायचे! दर वेळी नमस्कार! आणि मी येडी, थुंकी पुसून तसाच लेप लावत होते!"

"मग आता?" डॉक्टर गोंधळले.

"आता पुन्हा आम्ल, पुन्हा धुणं. आणि साहेब, तुम्ही बाहेर!"

डॉक्टर खरंच बाहेर गेले. ताईनं पोरांना बजावलं, "बाकावर असताना राजा जरी आला तरी तोंड मिटायचं नाही. नमस्कार आ वासूनच!" पोरांना एवढी गंमत वाटली की दिवसभर शिपाई, गुरुजी, कोंबडी, सगळ्यांना तसाच नमस्कार झाला.

सहा महिन्यांनी डॉक्टर तपासायला आले. पोरं उठली, हात जोडले, तोंडं उघडली: "आऽऽऽ!" डॉक्टर बॅटरी घेऊन एकेका तोंडात डोकावत शेवटच्या रांगेपर्यंत गेले. एकही लेप निघाला नव्हता.

आमच्याकडे मोठा अधिकारी आधी हात जोडत नाही. डॉक्टर ताईसमोर आले, त्यांनी हात जोडले आणि भलंमोठं तोंड उघडलं.