सोमवारचं वाडगं

"काका, सोमवारी संध्याकाळी तुम्ही खाता तरी काय?"

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. माझ्या दंडावर त्यांनी रुपयाएवढी एक चकती चिकटवली होती, ती काढून झाली होती. दोन आठवडे त्या चकतीनं दर काही मिनिटांनी माझ्या अंगातली साखर मोजली आणि मोबाइलवर तिची रेघ काढली. ती रेघ आता आम्हा दोघांपुढं होती. इतर दिवशी बांधासारखी, थोडी वर, थोडी खाली. सोमवारी मात्र संध्याकाळी सरळ डोंगर. दोन आठवड्यांत दोन सोमवार आणि दोन डोंगर.

"काही नाही," मी म्हणालो. "सोमवारी उपवास असतो माझा."

शेजारी उभी असलेली नर्स तोंडाला हात लावून हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "उपवासाला काय खाता, काका?"

"दिवसभर चहा. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी."

मी ढोकीत राहतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला आहे. उसाचा ट्रॅक्टर भरलेला आत येतो, रिकामा बाहेर जातो, दोन्ही वजनं घ्यायची, वजाबाकी करायची. माणसानं सांगितलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, यंत्राच्या आकड्यावरही तपासल्याशिवाय नाही. चकती लावली तेव्हा पहिले तीन दिवस मी बोटाला सुई टोचून घरच्या मशीनवर ताळा करून पाहिला. थोडा फरक येत होता, पण खोट नव्हती. म्हणून त्या डोंगरांवर मला वाद घालता येईना. मधुमेह झाल्यापासून सोमवार हा माझा सगळ्यात सरळ दिवस, असं मी धरून चाललो होतो. पोटाला उपवास म्हणजे साखरेलाही उपवास.

"साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट," त्या म्हणाल्या. "दिवसभर उपाशी राहून एकदम तेच खाल्लं की असं होणारच."

मग त्यांनी रेघेवर आणखी एक जागा दाखवली. पहाटे, मी झोपेत असताना, काही न खाता साखर हळूहळू चढत होती. रोज.

"हे काय?"

"उठायची वेळ जवळ आली की शरीर काही हार्मोन सोडतं. ते लिव्हरला सांगतात, माणूस आता उठणार, कामाला लागणार, साखर काढ. सगळ्यांचंच होतं. मधुमेहात ती आवरत नाही."

म्हणजे माझ्या घरात माझ्याआधी कुणीतरी उठतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी सोलापूरला दिली. पहाटे माझ्यासाठी उठणारं लिव्हर तेवढं राहिलंय. बायकोला थायरॉइड होता, उपाशीपोटी गोळी घ्यायची म्हणून ती अंधारातच उठायची. त्या गोळीचा गजर तिच्या मोबाइलमध्ये अजून वाजतो. मी तो मोबाइल चार्ज करून ठेवतो.

दवाखान्यात मधुमेहावर संशोधन चाललं होतं, त्यासाठी गावाकडची माणसं हवी होती, म्हणून मी गेलो होतो. त्यांच्या कागदावर वय, वजन, पोटाचा घेर, झोप, सगळं विचारलं होतं. त्यात एक प्रश्न असा होता: जेवताना सोबत कोण असतं?

"याचा साखरेशी काय संबंध?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आहे का नाही, तेच बघतोय, काका. मनावर ताण असला की त्याचेही हार्मोन असतात. एकटं राहण्याचं काय होतं, ते आता तपासतायत लोक."

मी लिहिलं होतं: कोणी नाही. मग ते अपुरं वाटलं, म्हणून पुढं लिहिलं: सोमवारी शेजारच्या अक्का.

आता त्यांनी दुसरी चकती लावली. म्हणाल्या, साबुदाणा बंद करा, आणखी दोन आठवडे बघू. मी मान डोलावली आणि बस पकडली. साबुदाण्याचं मला काही नव्हतं. सोमवारचं होतं.

सोमवार मूळचा बायकोचा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती धरायची. आमच्याकडं तो संध्याकाळी सोडत नाहीत, मंगळवारी सकाळी सोडतात. शेजारच्या अक्काही धरायच्या. अक्का सत्तरीच्या आसपास. बायको त्यांना अक्का म्हणायची म्हणून मीही अक्का म्हणतो, आणि धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून त्या मला दाजी म्हणतात. एका सोमवारी खिचडी त्यांच्याकडून यायची, पुढच्या सोमवारी हिच्याकडून जायची. वाडगं एकच, काठाला पोचा आलेलं. भांडं रिकामं परत करायची पद्धत आमच्या गल्लीत नाही, त्यामुळं ते कायम कुठंतरी निघालेलंच असायचं.

बायको गेल्यावरच्या पहिल्या सोमवारी दिवेलागणीला दाराची कडी वाजली. अक्का वाडगं घेऊन उभ्या. सवयीनं आल्या होत्या की मुद्दाम, मी विचारलं नाही. मी आयुष्यात सोमवार धरला नव्हता, पण त्या दिवशी सकाळपासून चूल पेटवली नव्हती.

"खावा, दाजी, गरम हाय तवर," म्हणून त्या उंबऱ्यावर बसल्या आणि मी खाईपर्यंत बोलत राहिल्या. सुनेची तक्रार, नळाला पाणी न आल्याची तक्रार, गुडघ्याची तक्रार. तेव्हापासून सोमवार माझा झाला. दुसऱ्या दिवशी वाडग्यात शेंगदाणे नाहीतर केळी घालून मी ते परत करायचो. आठवड्यात माझ्या दाराची कडी वाजायची ती तेवढीच.

रविवारी मी अक्कांकडं गेलो. मोबाइलवरची रेघ दाखवली.

"ह्यो डोंगर माझा?" अक्कांनी चष्मा वर केला. "अगं बया! म्हंजी मी तुमाला इखच चारत व्हते की!"

"तसं नाही, अक्का. साबुदाण्याचं आहे ते."

"आन् त्यात चमचाभर साखर टाकते मी, चवीला."

आतून सून म्हणाली, "अत्या, तुमची बी शुगर बघा म्हणते, तर ऐकत न्हाईत."

"माझी कुणी बघत न्हाय म्हणून बरी हाय," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून एकदम गंभीर झाल्या. "न्हाय आणणार आता. लेकीला काय तोंड दाखवू तुमच्या, काय झालं तर?"

"तुम्ही नुसत्या या की."

"रिकाम्या हातानं कशी येऊ, दाजी?"

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं.

सोमवारी मी उपवास केला नाही. ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, दही. दिवेलागणीच्या आधीच जेवलो. मग सांगितल्याप्रमाणे चालायला गेलो, कारखान्याच्या रस्त्यानं. उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते, एकावर मोठ्यानं गाणी लागली होती. परत आलो तेव्हा शेजारी दिवा लागला होता. मी बसून राहिलो. कडी वाजली नाही. फळीवर ते वाडगं होतं, शेवटच्या खिचडीचं, दवाखान्याच्या गडबडीत परत करायचं राहिलेलं, धुऊन पालथं घातलेलं. त्यात काय घालून परत करावं, हे मला सुचत नव्हतं. केळी घालून परत केलं असतं, तर वाडग्याची ये-जा तिथंच संपली असती.

मुलीचा फोन आला. "आप्पा, आज सोमवार. खिचडी खाल्ली नाही ना?"

"नाही."

"शाब्बास! रेघ?"

"सपाट."

"मग आवाज का असा?"

"शेपूची भाजी होती," मी म्हणालो. तिला शेपू आवडत नाही, ती हसली.

दुसरा सोमवारही तसाच गेला. मग मी पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी रेघ बघितली आणि नर्सला हाक मारून दाखवली.

"बघा ना काका, आता सोमवार कुठला ते ओळखूसुद्धा येत नाही!"

"नाही येत," मी म्हणालो. मग कागद मागितला. "एक दुरुस्ती आहे. जेवताना सोबत कोण, तिथं सोमवारचं नाव लिहिलंय मी. ते खोडा. आता कोणी नसतं."

"का? कुठं गेल्या त्या?"

"शेजारीच आहेत. खिचडी बंद झाली, म्हणून येत नाहीत."

त्यांनी पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं. "काका," त्या म्हणाल्या, "मी फक्त साबुदाणा बंद करा म्हणाले होते."

त्यांनी नाव खोडलं नाही. मीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी काट्यावरून येताना भुईमुगाच्या शेंगा आणल्या. मीठ घालून उकडल्या. उपवासाला चालतात, आणि त्यांचा डोंगर होत नाही हे मी आदले दोन दिवस खाऊन, घरच्या मशीनवर मोजून पाहिलं होतं. वाडगं भरलं आणि सूर्य बुडताना अक्कांच्या दारात गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या.

"ह्ये काय, दाजी?"

"शेंगा. तुमच्या उपवासाला."

अक्कांनी एक शेंग उचलली, दाताखाली धरली, काढली. "शेंगा आणल्या, दात बी आणायचे व्हते की संगट!"

मग मी खाली बसलो. एक शेंग सोलायची, दाणे बोटानं दाबून मऊ करायचे आणि त्यांच्या हातावर ठेवायचे. एक त्यांना, एक मला. त्या बोलत होत्या. नळ, सून, गुडघा. माझ्या बायकोच्या हातची खिचडी जरा कोरडी व्हायची, असंही म्हणाल्या. ती जिवंत असताना हे कधी बोलल्या नव्हत्या. मी म्हणालो, होय, व्हायची. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. उठताना अक्कांनी टरफलं झाडली आणि वाडगं उचलून घरात नेलं.

त्यालाही आठवडा झाला. डॉक्टरांचं काम संपलंय, दंडावर आता चकती नाही. आज सोमवार आहे. मी अजून जेवलो नाही. भाकरी करून झाकून ठेवलीय. वाडगं अक्कांकडंच आहे.