दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा काळा पडदा

मी नववीत शाळा सोडली आणि आता बंगळुरूच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. (खरं म्हणजे कंपनीच मला सांभाळून घेते.) लागलो होतो साफसफाईला, तिथल्या सर्व्हर विभागाच्या मॅडमनी शेजारी बसवून संगणक शिकवला. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असं मी त्यांना सांगितलंही आहे. इतक्यांदा, की आता त्या नको म्हणतात.

दसऱ्याला डोणगावला घरी आलो, तर मॅडमचा फोन. "उद्या अकराला तुझ्या लॅपटॉपचा पडदा मी इथून बघेन. एक सर्व्हर एकट्याने तपासून दाखव. जमलं तर तुला कायम करू."

दुसऱ्या दिवशी दहापासूनच तयारीला लागलो. लॅपटॉपवरचं पूजेचं हळदकुंकू पुसलं आणि अकराला काळी खिडकी उघडली. या खिडकीत सगळे हुकूम टाइप करावे लागतात. पहिलाच हुकूम दोन अक्षरांचा, एल आणि एस. एल दाबला, पडदा कोरा. एस दाबला, पडदा थिजला. वजाचं चिन्ह दाबलं, तर अक्षरं बारीक झाली. पुन्हा दाबलं, तर मुंग्या.

"काय दिसून राह्यलं?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मंग बंद असन."

फोनवर मॅडम होत्याच. मी म्हटलं, "सर्व्हरच बिघडला वाटतं." सर्व्हर ठणठणीत होता. मग मी अक्षरांच्या वळणावर आळ घेतला, मग रंगांवर. सेटिंगमध्ये जाऊन रंग बदलला तो नेमका काळ्यावर काळा! आता मलाही दिसेना आणि मॅडमलाही.

आई चहा घेऊन आली. "काऊन रे, एवढा घामेजला?"

"अक्षरं दिसून नाही राह्यले."

"कालच तं पूजा केली त्याची. अक्षता चिकटून नव्हत्या राह्यल्या, मंग गुळाचं पाणी लावलं. त्या डाव्या कोपऱ्यातल्या बटनाले जरा जास्तच. तुह्यं बोट सारखं तिथंच राह्यते."

तिथे कंट्रोलचं बटण. ते दाबलेलं राहिलं की साधं अक्षरही वेगळाच हुकूम होतं: एल म्हणजे पूस, एस म्हणजे थांब. आणि ते रात्रभर वाळलेल्या गुळात रुतून बसलं होतं. सेफ्टी पिनने उचकटलं, ते उडून थेट बाबांच्या चहात. बाबांनी चमच्याने काढलं, चाखून पाहिलं आणि निर्वाळा दिला, "गूळच हाये."

हे सगळं मॅडमनी ऐकलं. "पूजा आम्हीही करतो," त्या म्हणाल्या, "पण कोरडी." कामावरून काढून टाकलं नाही, हे त्यांचे आणखी एक उपकार. परीक्षा मात्र तीन महिने पुढे ढकलली. तोवर मी कच्चाच.

फोन ठेवून मी डोकं धरून बसलो. बाहेर आई गल्लीत सांगत होती, "मॅडमनं आमच्या गजाननले आणखी तीन महिने वाढवून देले." तिने पेढे वाटले.

मीही दोन खाल्ले.