सहलीला तो आला होता

चिटगुप्पा गावच्या कचेरीत जमिनीच्या कागदांसाठी मला त्याच्याच खिडकीवर जावं लागतं. समोरचा कानडीत बोलला की तो कानडीत बोलतो, मराठीत बोलला की मराठीत. आवाज कधी चढत नाही. कागद हातात देण्याआधी ओठ हलवत दोनदा वाचतो. मला तो 'तुम्ही' म्हणतो. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो.

बी.ए.ला असताना इतिहासाच्या सरांनी वर्गाला बीदरचा किल्ला दाखवायला नेलं. तिथल्या भिंतीवर मी खिळ्यानं वर्गातल्या एका मुलीचं नाव कोरलं. रखवालदार कानडीत ओरडत आला. आमच्यात चांगली कानडी त्याचीच, म्हणून समजूत घालायला तो पुढं झाला, आणि रखवालदारानं त्याचाच हात धरला.

"हे तू कोरलास व्हय?" सरांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "व्हय सर."

सरांनी त्याला दिवसभर बसमध्ये बसवून ठेवलं. ती मुलगी पुन्हा कधी त्याच्याशी बोलली नाही. पोरं त्याला तिच्या नावावरून चिडवायची, आणि त्यांच्यात मीही हसायचो.

मागच्या महिन्यात खिडकीपाशी कुणी नव्हतं. मी धीर करून म्हणालो, "त्या सहलीत माझं चुकलं बघ."

त्यानं कागदावर शिक्का मारला.

"कुठली सहल? मी न्हाई आलतो कुठं," तो म्हणाला. "इथं सही करा."

मी सही केली.