धुऱ्यावरचा देव

करडीहून भंडाऱ्याला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. रस्त्यात देऊळ दिसलं की तो बोलणं अर्धवट सोडून पायातली चप्पल काढायचा, हात जोडायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. कोर्टात त्याची तारीख होती. शेताशेजारच्या माणसाला त्यानं दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठीनं बेदम मारलं होतं.

"धर्मासाठी मारलं जी," तो म्हणाला. "धुऱ्यावरच्या आमच्या देवाले त्याचा पाय लागला."

"तो दुसऱ्या धर्माचा होता काय?"

"नाही जी, आमच्यातलाच. त्याच देवाले तो बी नारळ फोडते."

"मग धुऱ्यावर काय करत होता?"

"धुरा फोडून माह्या धानाचं पाणी त्याच्या वावरात नेऊन राहिला होता."

माझं डोकंच उठलं. भांडण पाण्याचं आणि नाव देवाचं. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. "मग पाण्यासाठी मारलं म्हणा ना. देवाले कायले मधात आणता?"

तेवढ्यात एक देऊळ आलं. हात जोडून झाल्यावर चप्पल पायात सरकवत तो शांतपणे म्हणाला, "पाण्यासाठी एकच काठी मारली जी. तेवढ्यात तो पडला आन् पडता पडता त्याचा पाय देवाले लागला. बाकीच्या काठ्या देवासाठी."

देव मध्ये आला नसता तर तो शेजारी एका काठीवर सुटला असता. हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं, तर पुढचं देऊळ आलं आणि त्यानं पुन्हा हात जोडले.