हा हात कोणाचा?

आमच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नसत, ते जिना चढून वर यायचे. कोणीतरी यायचं, स्क्रीनकडे बघायचं, मग आमच्याकडे बघायचं, आणि डोळे बारीक करायचं. की झाला एक किस्सा! पाच वर्षांत इतके साठले की आता कोणी "काय चाललंय" म्हटलं तरी मी सुरू होते.

डहाणूहून आगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिकूची खोकी विकणाऱ्या दुकानाच्या वर आमची एक खोली. आम्ही वेबसाइट बनवायचो. माणसं तीनच. गिऱ्हाईक आणणारा जिग्नेशभाई, डिझाइन आणि फोन सांभाळणारी मी, आणि कोड लिहिणारा देवराम. मी नरपडची. देवराम तलासरीच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, वारली, घरी भात आणि नाचणीची शेती.

देवरामचं काम लोकांना समजावणं म्हणजे शिक्षा होती. तो चित्र काढत नसे. चित्र कसं निघावं याचे नियम लिहायचा. रेघ इथून निघेल, इतकी वळेल, इथे तिला फांदी फुटेल. कुठे वळायचं आणि किती, ते कॉम्प्युटर दर वेळी चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवायचा. त्यामुळे वेबसाइट जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा चित्र नवं. हे सगळं नीट ऐकून घेऊन लोक विचारायचे, "मग तू काय करतोस?"

मी आणि जिग्नेशभाई हसायचो. देवराम हसायचा नाही. कारण पुढे हाच प्रश्न मंजुळाच्या आईने विचारला, आणि उत्तर पटल्याशिवाय मुलगी द्यायची नाही असं ठरवून बसली. मंजुळा तलासरीत एका दवाखान्यात नर्स होती. दोघांचं केव्हाच जुळलं होतं, अडलं होतं ते एवढ्यावरच.

*

पण दुसऱ्यांना काय बोलू, पहिला संशय मीच घेतला होता. संशय घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आई म्हणते, तू विहिरीचं पाणी गाळून घेशील आणि वर गाळणं कोणाचं ते विचारशील.

२०१५ साली देवराम नोकरीसाठी आला. त्याने लॅपटॉपवर पक्ष्यांचा थवा दाखवला. मातकट रंगावर पांढऱ्या रेघा, दर वेळी थवा वेगळा. इतकं सुंदर होतं की माझी खात्रीच पटली, नेटवरून उचललंय. मी त्याला आमच्या मशीनवर बसवलं, नेटची वायर काढली आणि म्हटलं, आता ताडाचं झाड काढून दाखव.

तासाभरात स्क्रीनवर ताड डुलायला लागला. मी म्हटलं, पेनड्राइव्हमधून आणलं असशील. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. मग मोबाइल ठेवला. मग पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, यात नाचणीची भाकरी आहे. उघडून दाखवू?"

मी डबा उघडून बघितला. भाकरीच होती.

एक गोष्ट मात्र मला खटकली. त्याची प्रत्येक रेघ जाड सुरू व्हायची, बारीक होत होत विझल्यासारखी व्हायची, आणि पुन्हा एकदम जाड. मी म्हटलं, ही चूक दुरुस्त कर. मी सांगितलेलं बाकी सगळं त्याने केलं, एवढं सोडून. "ते राहू दे, ताई," इतकंच म्हणाला. मी मनात नोंद केली. जे स्वतःचं नसतं तेच माणसाला बदलता येत नाही.

*

नरपडचे एक चिकू बागायतदार आमचे पहिले मोठे गिऱ्हाईक. त्यांच्या वेबसाइटवर देवरामने चिकूचं झाड लावलं. पान उघडलं की बुंधा वर यायचा, फांद्या फुटायच्या, पानं लागायची. काका खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "डावीकडची मोठी फांदी कुठे गेली?" मी काही बोलायच्या आत त्यांनी शेजारच्या बागायतदाराचं नाव घेतलं. बांधावरून त्यांचं जुनं भांडण होतं. बांध सोडून आता तो वेबसाइटवर घुसला आणि फांदी तोडून गेला, असं त्यांचं म्हणणं. दुपारपर्यंत आणखी तीन फोन आले आणि प्रत्येक फोनला वेगळीच फांदी गायब होती.

शेवटी ते स्वतः आले. देवरामने समजावलं की दर वेळी नवीन झाड उगवतं. काकांचा चेहरा आणखी पडला. "म्हणजे ही झाडं माझी नाहीतच? कोणाच्या बागेतली दाखवतोस?"

देवरामने वाद घातला नाही. प्रत्येक झाडामागे एक नंबर असतो, आणि तो नंबर टाकला की तेच झाड हुबेहूब परत येतं, हे सांगून त्याने काकांना खुर्ची दिली. काका दुपारभर झाडं बघत बसले. चहा दोनदा झाला. पुढे एका झाडाला त्यांनी हात वर केला. "हे ठेव. हे आमच्या विहिरीजवळचं आहे."

देवरामने तो नंबर कायमचा टाकला. त्यानंतर काका पाहुण्यांना विहिरीजवळ नेऊन ते झाड दाखवायचे, आणि पाहुणे म्हणायचे, अगदी तसंच आहे.

*

आगरच्या एका लॉजच्या वेबसाइटवर लाटा होत्या. मालकाचा सासरा मासेमारी करणारा. तो बराच वेळ लाटा बघत राहिला आणि म्हणाला, हे पाणी खोटं आहे, भरती-ओहोटी दोन्ही एकदम चाललीय, यात होडी घातली तर सरळ खडकावर. जिग्नेशभाई हसला. देवराम मात्र सायकल काढून किनाऱ्यावर गेला, दोन दिवस पाणी बघत बसला आणि नियम बदलले. सासरा पुन्हा आला आणि बघून म्हणाला, आता मासे कुठे आहेत ते सांग.

*

वाणगावच्या बाजूच्या एका संस्थेने चित्रकला स्पर्धेसाठी प्रमाणपत्रं करायला दिली. देवरामला उत्साह आला. प्रत्येक मुलाला वेगळी नक्षी, कोणाची कोणासारखी नाही. मलासुद्धा कल्पना आवडली, आणि मला सहसा काही आवडत नाही.

प्रमाणपत्रं पोचली आणि संस्थेच्या क्लार्कने आम्हाला बोलावून घेतलं. टेबलावर त्याने सगळी मांडून ठेवली होती, पुरावे मांडावेत तशी. दोन प्रमाणपत्रांची नक्षी जुळत नाही, म्हणजे त्यातलं एक बोगस, हा त्याचा पहिला मुद्दा. रेघा मध्येच फिक्या होतात, म्हणजे प्रिंटरची शाई संपत आली होती, हा दुसरा.

"यातलं ओरिजिनल कुठलं?" त्याने विचारलं.

जिग्नेशभाई म्हणाला, "साहेब, बधाज ओरिजिनल छे. सगळीच."

क्लार्क चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहिला. "सगळीच ओरिजिनल असतील तर झेरॉक्स कशाची काढायची?"

शेवटी संस्थेच्या शाळेच्या हेडमास्तरांनी प्रत्येकावर "सत्यप्रत" असा शिक्का मारून मुलांना वाटली. परत येताना जिग्नेशभाई देवरामवर चिडला, म्हणाला, ती शाई संपल्यासारखी रेघ एकदाची सरळ कर ना. देवराम खिडकीबाहेर बघत राहिला आणि रेघ तशीच राहिली.

*

मग एक माणूस आला. पांढरा शर्ट, हातात छत्री. वेबसाइट करायचीय म्हणाला. कसली विचारलं तर म्हणे ठरायचंय. मी बसायला सांगितलं तर तो अशा जागी बसला की देवराम समोर दिसेल. अर्धा दिवस बसला. चहा नको, पाणी नको. मला पक्कं वाटलं, इन्कम टॅक्सचा माणूस. मी जिग्नेशभाईला खुणावलं, तो लगेच बाहेर जाऊन फिरायला लागला.

नेमका त्या दिवशी देवरामचा कोड अडला होता. असं झालं की तो कीबोर्डला हात लावत नसे, भिंतीकडे बघत बसायचा. स्क्रीनवर मात्र जुन्या कामातले पक्षी उडत होते, रेघा निघत होत्या, विझत होत्या. दुपारी तो माणूस उठला, छत्री घेतली आणि जिना उतरून गेला.

दोन दिवसांनी देवराम तोंड पाडून आला. तो मंजुळाचा मामा होता. मामाने घरी जाऊन सांगितलं, "पोरगा दिवसभर भिंतीकडं बघतो. काम मशीन करते."

मला स्वतःचीच लाज वाटली. मामा ज्याच्यावर नजर ठेवायला आला होता, त्याच्यावर मी चार वर्षं नजर ठेवून होते, आणि पगारही त्याच कामाचा घेत होते. मंजुळाच्या आईने आता शेवटचं सांगितलं होतं. ती स्वतः येणार, डोळ्यांनी बघणार आणि नाही पटलं तर विषय संपला.

*

ती आली तो २०१९ चा उन्हाळा. लक्षीबाई तिचं नाव. बरोबर मंजुळा, दारातच उभी राहिली. लक्षीबाई लग्नात चौक लिहिणारी. तिकडे लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठात काडी बुडवून देवीचा चौक मांडतात, आणि त्याला काढणं म्हणत नाहीत, लिहिणं म्हणतात. तो सवाशिणींनीच लिहायचा.

देवरामने घाम पुसला आणि स्वतः बनवलेली चौकाची चौकट स्क्रीनवर लावली. मातकट भिंतीवर चारी बाजूंनी पांढऱ्या नक्षीच्या ओळी हळूहळू निघत गेल्या. लक्षीबाई पापणी न हलवता बघत होती.

"मधी देवी कुठंय?"

"ती मी नाय मांडत," देवराम म्हणाला. "ते सवाशिणींचं."

तिने मान हलवली. मला जरा बरं वाटलं. मग ती म्हणाली, हाच चौक पुन्हा लिहून दाखव. देवरामने नंबर टाकला आणि तोच चौक, रेघेला रेघ, परत आला. मला वाटलं, जिंकलो. चिकूवाले काका याच नंबरावर खूश झाले होते ना!

लक्षीबाईचा चेहरा मात्र दगडासारखा झाला. हाताने लिहिलेला चौक दोनदा सारखा निघत नाही, म्हणाली. सारखा निघतो तो छापा. दारात मंजुळाने ओठ चावला.

चार वर्षं सगळ्यांना संशय होता की चित्र बदलतं म्हणून खोटं आहे. आणि ही बाई म्हणत होती, बदलत नाही म्हणून खोटं आहे. मला इतका राग आला की सांगता येत नाही.

देवरामने नंबर पुसून टाकला. नवा चौक निघाला. मग आणखी एक. मग आणखी एक. चौथ्या की पाचव्या चौकाला लक्षीबाईने खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"चोरलंय," ती म्हणाली.

माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "मावशी, मी स्वतः वायर काढून बघितलंय. याचा जेवणाचा डबासुद्धा तपासलाय. हा चोर नाही."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिचं बोट रेघेवर होतं, जाड सुरू होऊन विझत जाते तिथे. तिथून ते पुढच्या जाड टोकावर गेलं.

"ही सोमीची काडी हाय. पिठात येळेवर बुडवत नाय ती. कोरडी होईस्तोवर ओढत नेते. किती लग्नांत तिच्या बाजूला बसून लिहिलं मी, सांगून सांगून थकले."

सोमी म्हणजे देवरामची आई.

"आईचा हात उचललास तू," लक्षीबाई म्हणाली.

देवरामने मान खाली घातली. "हो."

ज्या कबुलीची मी चार वर्षं वाट बघत होते ती समोर आली होती आणि मला ती अजिबात नको होती. जिग्नेशभाई उगाच खिडकी उघडायला गेला. मंजुळा दारातून हलली नव्हती.

लक्षीबाईने पदर सारखा केला, उठली आणि मुलीकडे वळली.

"मग ठीक," ती म्हणाली. "मला वाटलं, कोनाचाच हात नाय."