कल्ल्यापाशी लाल रंग

शेजारचे तात्या हौसेनं लाकडाचे छोटे मासे तासतात, रंगवतात आणि गळाला लावून खाडीवर जातात. काल एका चंदेरी माशाच्या कल्ल्यापाशी ते लाल रंग लावत होते. मी म्हटलं, "अहो, एवढा देखणा मासा, त्याला जखम कशाला?"

"वहिनी, धडधाकट माशाकडे कोण बघतंय? जखमी दिसला की मोठे मासे तुटून पडतात."

म्हणजे पाण्यातही आपल्यासारखंच की हो! एरवी न फिरकणारा पुतण्या माझा पाय मोडल्यावर लगेच फळं घेऊन आला आणि उशाशी बसून म्हणाला, "काकू, घर कुणाच्या नावावर करायचं ठरवलंयस?"

आज तो पुन्हा येतोय. काठी मी पलंगाखाली सरकवलीय. कितीही कळ आली तरी दार उघडायला ताठ चालत जाणार आहे.