म्हसोबाची जुनी वाट

दत्तोबांना गावानं विक्षिप्त ठरवून टाकलं, त्याला जमाना झाला. लग्नात बँड वाजला की हे कानांवर पंचा गुंडाळून घरी परत. ताटात भाकरी डावीकडेच हवी, नाहीतर उपाशी उठतील. खोटं बोलणं जमत नाही, आणि विचारल्याशिवाय खरंही सांगत नाहीत! हिंजवडीच्या कडेला असलेल्या त्या घरात सून म्हणून आलेली शेफाली शहरात वाढलेली. तिला वाटायचं, म्हाताऱ्याची नाटकं आहेत सगळी.

मग मुलगी झाली, आनंदी. सहा वर्षांची झाली तरी पोर बोलेना, कुणी हात धरला की किंचाळायची. डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम सांगितला आणि विचारलं, "घरात आणखी कुणाचा स्वभाव असा आहे का, थोड्या सौम्य प्रमाणात? नातेवाइकांत असू शकतो." सासूबाई, प्रेमलाबाई, फटकन म्हणाल्या, "आमच्या घराण्यात आसलं काय न्हाई हां!" शेफालीनं दाराबाहेर पाहिलं. दत्तोबा लोकांच्या चपला जोडीजोडीनं एका रेषेत लावत होते. शेजारी उकिडवी बसून आनंदीही तेच करत होती. पण सासूबाईंसमोर तोंड कोण उघडणार?

दत्तोबांचं, म्हणजे घरच्यांच्या आबांचं, आणि नातीचं मात्र छान जमायचं. दिवेलागणीला तेलाची बाटली घेऊन दोघं शेताच्या बांधावरून म्हसोबाला जात. हात न धरता, एकामागे एक. दिवा लागला की आनंदी समोर बसायची आणि आबांनी "चल आनंदे, झालं" म्हटलं की उठायची. दुसऱ्या कुणी घसा फोडून हाका मारल्या तरी ढिम्म.

पुढे शेत बिल्डरला विकलं. म्हसोबा राहिला, पण बांधाला लागूनच इमारतीच्या पायासाठी भला मोठा खड्डा खणला गेला. त्यात काळं पाणी साचलं. बिल्डरच्या माणसांनी बांधाच्या तोंडाशी पत्रे ठोकले आणि लांबच्या रस्त्यानं यायला बजावलं.

"आबा, आता रस्त्यानं जायचं हं," शेफाली म्हणाली.

"बरं," आबा म्हणाले.

दोघं वेळेवर जात, वेळेवर येत. आनंदीच्या पायांना चिखल लागलेला असे, तो शेफाली रोज धूत असे. कुठून जाता, एवढं विचारलं असतं तर आबांनी सांगितलं असतं. विचारलं नाही कुणी!

आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस आला. प्रेमलाबाई त्यांना घेऊन परत येताना रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. इकडे दिवेलागणीला शेफाली कुकर उतरवून बाहेर आली, तर दार सताड उघडं. आनंदी नाही. कोनाड्यातली तेलाची बाटली आणि काडेपेटीही नाही.

तिनं फोन लावला. "आबा, आनंदी म्हसोबाला गेलीय वाटतं. तुम्ही जाता कुठून?"

"बांधानं. कडंच्या पत्र्याचा खिळा म्या काढलाय. तिला सरकवता येतो." भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

शेफाली अनवाणी धावली. पत्रा सरकलेला होता. पलीकडे म्हसोबापुढे दिवा तेवत होता आणि आनंदी शांत बसली होती. मधला बांध मात्र खाटेएवढा ढासळला होता. पोरगी ओलांडून गेल्यावरच कोसळला असणार, कारण माती अजून डुबुक डुबुक पाण्यात सुटत होती.

शेफालीनं फोन स्पीकरवर टाकला. "आबा, दिवा लावून बसलीय ती, पण..."

"लावला न्हवं? मंग चल आनंदे, झालं!"

आनंदी उठली. नेहमीच्या वाटेला लागली.

"नको आबा! बांध कोसळलाय! खड्ड्यात जाईल ती! बसवा तिला!"

फोनमध्ये नुसते हॉर्न. आनंदीनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. म्हसोबापाशी आबांनी आजवर दुसरं वाक्य उच्चारलंच नव्हतं.

"आनंदे..." आबांचा आवाज फाटला. "बस. झालं न्हाई अजून."

ती होती तिथं बसली. शेफालीच्या ओरडण्यानं धावलेला बिल्डरचा वॉचमन रस्त्यानं वळसा घालून पोचेपर्यंत आबा तेच म्हणत राहिले. त्यानं तिला उचललं तेव्हा तिनं त्याचा हात चावून रक्त काढलं. शेफाली हुंदके देऊन रडली.

दुसऱ्याच दिवशी बिल्डरच्या माणसांनी तिथं नवा जाड पत्रा बसवला. चार दिवसांनी दिवेलागणीला आबा बाटली घेऊन निघाले, डोळ्यावर काळा चष्मा, मागे आनंदी. शेफाली बरोबर गेली. फाट्याशी ती रस्त्याकडे वळली, दोघं वळले नाहीत, सरळ नव्या पत्र्यापाशी जाऊन उभे राहिले.

"आबा, इकडून. त्या दिवशी काय झालं असतं, कळतंय ना?"

"कळतंय की," आबा म्हणाले. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. "पाय वळंना गं."

पलीकडे माती पाण्यात सुटल्याचा आवाज आला. आबांनी बाटली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पत्रा ढकलायला सुरुवात केली. आनंदीनंही शेजारी उभं राहून हात लावले.